भाताचं घमेलं, एकटा काळ्या आणि तोंडावर आलेला पोळा

(पत्र थोडं कमी करून देतेय. नाव-गाव काढलंय, बाकी शब्द त्यांचेच.)

"ताई, मी इगतपुरी तालुक्यातली, भाताची शेती आहे आमची, मोबाइलवर हळूहळू टाइप करतेय, चुकलं तर समजून घ्या. ज्येष्ठात लेकीचा साखरपुडा घरीच केला, दीडशे माणूस जेवलं, भात उरला, पुऱ्या उरल्या. रात्री भांडी घासताना आमचा बैल बहाळ्या गोठ्यातून हंबरत होता म्हणून घमेलंभर भात न् पुऱ्या नेऊन घातल्या, आवडीनं खातोय बघून अजून घातल्या. काळ्या, त्याचा जोडीदार, तेव्हा दिराकडे सावडीला होता. सकाळी बहाळ्यानं रवंथ सोडला होता, पोट जड. दुपारी डॉक्टर आले, काय खाल्लं विचारलं तर मालक म्हणले रोजचाच चारा. मी दारात उभी होते पण बोलले नाही. पाहुणे घरात, लेकीच्या सासरचे दोघं जण मुक्कामाला, तोंडच उघडलं नाही. डॉक्टरांनी सलाईन लावली, सोडा पाजला. तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. अकरा वर्षं होता आमच्यात, गोऱ्हा होता तेव्हा आणलेला.

मालक एक शब्द बोलले नाहीत, जेसीबी आणून बांधावर आंब्याखाली पुरला. सासूबाई म्हणतात जनावरच होतं, माणूस गेल्यावाणी काय रडते. दोनेक बायका म्हणल्या साखरपुड्याला लागून बैल गेला, शकुन बरा नाही. काळ्या धड खात नाही, रिकाम्या दावणीकडे बघतो. मालक म्हणतात घोटीच्या बाजारात देऊन टाकू, एकटा बैल काय कामाचा, पॉवर टिलर भाड्यानं मिळतो. पोळा आलाय. मला रात्री दोनला जाग येते ती येतेच. माझ्याच हातानं मारला त्याला. मालकांना सांगू का भाताचं? का गिळून टाकू?"

ताई,

अशा पत्राला "तुमची काही चूक नाही हो, मनाला लावून घेऊ नका" असं उत्तर दिलं की काम संपतं, पण ते मी देणार नाहीये, कारण तुम्ही जनावरं पाळणारी बाई आहात, तुम्हाला ते पटणार नाही आणि माझ्यावरचा विश्वासही जाईल. तर आधी भाताचंच बोलू.

हो, बहुतेक भातानंच गेला. बैलाचं कोठीपोट, पोटाचा पहिला मोठा कप्पा, म्हणजे शंभर लिटरच्या आसपासचं, कधी त्याहून मोठं भांडं असतं आणि त्यात चारा पचवणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात, त्यांना सवय असते पेंढ्याची, गवताची, हळूहळू कुजवायची. त्यात अचानक शिजलेला भात न् पुऱ्या ढीगभर पडल्या की पिष्टावर वाढणारे जंतू माजतात आणि सगळं आंबायला लागतं, विरजण जास्त पडून दूध फाटावं तसं. आम्ल वाढतं, चारा पचवणारे जंतू मरतात, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, पोट हलायचं थांबतं, रवंथ बंद, जनावर बसतं. डॉक्टर लोक याला अ‍ॅसिडोसिस म्हणतात पण आपल्याला जेवल्यावर होतं तसलं किरकोळ आम्लपित्त नाही हे, दोन दिवसात धडधाकट बैल जातो. लग्नसराईत आणि सणावाराला पशुवैद्यकांकडे या केसेस येतातच, उरलेला भात, बुंदी, जिलेबी, पंगतीतलं खरकटं, कारण सगळीकडे तेच, अन्न वाया जाऊ नये आणि मुक्या जीवाच्या मुखी लागावं.

आता डॉक्टर आले तेव्हा तुम्ही गप्प राहिलात ते. यावर तुम्ही स्वतःला सगळ्यात जास्त सोलून काढताय असं पत्रावरून दिसतं. पण तुम्हीच लिहिलंय की डॉक्टरांनी सलाईन लावली आणि सोडा पाजला. ताई, खाण्याचा सोडा आम्ल मारायला देतात, साध्या अपचनाला सलाईन कोण लावत बसतं. म्हणजे मालक "रोजचाच चारा" म्हणाले तरी डॉक्टरांना अंदाज आलेला होता, पोटाला हात लावून, शेण बघून कळतं त्यांना, आणि त्यांनी त्याच आजाराचे उपचार केले. तुम्ही बोलला असतात तर दुपारी काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. रात्रीच, खाल्ल्या खाल्ल्या, कोणी सांगितलं असतं की हे धोक्याचं आहे आणि तेव्हाच डॉक्टर आले असते तर कदाचित वाचला असता, पण रात्री ते तुम्हाला माहीतच नव्हतं. माहीत असून लपवलं आणि माहीत नसून घातलं या दोन गोष्टी तुम्ही डोक्यात एक करून टाकल्यात, त्या वेगळ्या करा. घातलं तेव्हा माहीत नव्हतं. लपवलं तेव्हा थोडं थोडं कळलं होतं, आणि भीती वाटली. ती भीती कशाची होती हेही तुमच्या पत्रात आहे, त्यावर येतेच.

त्याआधी सासूबाईंचं "जनावरच होतं". हे वाक्य ऐकून ऐकून तुम्ही स्वतःच रडायची लाज वाटून घ्यायला लागलात, भांडी घासायच्या निमित्तानं मोरीत रडताय. आपल्याकडे शहरात कुत्रं गेलं की लोक स्टेटस ठेवतात, फोटोला हार घालतात आणि चारशे लोक हात जोडलेली इमोजी टाकतात (मला त्यात काही वाईट वाटत नाही, टाकावीत), पण बैल गेला की पहिला प्रश्न केवढ्याचा होता आणि दुसरा प्रश्न आता दुसरा कधी घेताय. बैल कामाचा म्हणून त्याच्यावरचं दुःखही हिशोबात बसवायचं असं काहीतरी लोकांच्या डोक्यात असतं. तुम्हीही पत्रात लिहिलंत की "पोटच्या पोरासारखा होता", आणि मला वाटलं ही बाई आपल्या रडण्याला परवानगी मिळावी म्हणून बैलाला पोर म्हणतेय. गरज नाही त्याची. तो तुमचा बैल होता. अकरा पावसाळे गुडघाभर चिखलात तो आणि काळ्या पुढे आणि तुमचे मालक मागे, ज्या चिंचोळ्या खाचरात ट्रॅक्टर वळत नाही तिथं त्यानं चिखलणी केली, त्याच्या जिवावर आवणी, म्हणजे भाताची लावणी, वेळेत झाली, त्याच्या जिवावर घरात भात आला, त्याच भातातून पोरीचं शिक्षण झालं असेल. सकाळी उठल्यावर सासू-सासऱ्यांच्या आधी तुम्ही त्याचं तोंड बघत होतात. एवढं कामाचं नातं असल्यावर माया वेगळी कुठून आणायची, कामातच होती ती.

इगतपुरीच्या पावसात जुंपायचा तर डांगी बैलच, हे मी तुम्हाला काय सांगणार, कातडीला तेलकटपणा, पाणी ओघळून जातं, खूर काळे टणक. तुमच्याच भागात दिवाळीच्या आधी वाघबारस करतात, जंगलातल्या वाघानं गुरांना हात लावू नये म्हणून वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, म्हणजे गुरं सुखरूप राहावीत एवढ्यासाठी अख्खा एक सण. आणि नाशिक-पुणे हायवेनं कधी गेलात तर आळेफाट्याजवळ आळे गावात रेड्याची समाधी आहे, ज्ञानोबांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले म्हणतात तो रेडा, लोक अजून जाऊन माथा टेकतात. तेव्हा आंब्याखाली पुरलेल्या बैलासाठी कोणी डोळे पुसले तर ते आपल्या मुलखात नवल नाही, नवल हे की आता आपण त्याला हसायला लागलोय.

केनेथ डोका म्हणून अमेरिकेतले अभ्यासक आहेत, त्यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाची मांडणी केली ज्याला आजूबाजूचे लोक दुःख मानतच नाहीत, सुतक नाही, भेटायला कोणी येत नाही, त्यामुळे माणूस एकटाच पडतो. आणि २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली, साठ लाखांवर जनावरं मारून टाकावी लागली, नंतर कंब्रिया नावाच्या भागातल्या शेतकऱ्यांचा आणि तिथल्या लोकांचा अभ्यास झाला तर कितीतरी जणांना घरातलं कोणी गेल्यासारखं दुःख, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यापुढे येणं, असं खूप काळ चाललेलं. त्यातले शेतकरी तर जनावरं विकून पोट भरणारे लोक होते. नफ्यातोट्याची वही ठेवणाऱ्यांनाही होतं हे ताई.

सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. त्यांच्या पिढीनं किती बैल पुरले असतील, तेव्हा ना सलाईन ना फोन, घटसर्प आला की वाडीतली गुरं पटापट जायची, रडत बसलं असतं तर घर चाललं नसतं, त्यातून तो कोरडेपणा आलाय असं मला वाटतं. एखाद्या दुपारी तांदूळ निवडताना सहज विचारा, आई, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा गोठ्यात कोणते बैल होते. बघा नावं आठवतात का. माझी पैज, आठवतील.

आता मुख्य प्रश्न, मालकांना सांगायचं का. सांगा. आणि पोळ्याच्या आधी सांगा.

कारण एक तर मला वाटतंय त्यांना अर्धं माहीत आहे. हा माझा अंदाज, पण डॉक्टर जाताना त्यांना बाजूला घेऊन काही बोलले नसतील असं होत नाही, आणि रात्री मोठ्ठं पातेलं भरून असलेला भात सकाळी कुठं गेला हे घरातल्या माणसाला दिसतं. ते गप्प आहेत ते तुमच्यावर राग धरून गप्प आहेत असं तुम्ही धरून चाललाय, मला उलट वाटतं, तुम्ही मोडून पडाल म्हणून गप्प असतील, किंवा "रोजचाच चारा" हे आपण बोललो याची त्यांची त्यांना टोचणी असेल. दोघं एकाच गोठ्यात शेजारी शेजारी शेण काढताय आणि दोघांच्या तोंडाला कुलूप, दोन महिने. आणि त्यातून मग काळ्याला विकायचा विषय निघतो. त्यांना काळ्या नकोय की रिकामी दावण बघवत नाहीये, हे तुम्ही एकमेकांशी बोलल्याशिवाय कळणार नाही.

दुसरं कारण तुमची लेक. तुम्ही दारात उभ्या राहून बोलला नाहीत ते तिच्या सासरच्या लोकांसमोर शोभा होऊ नये म्हणून, आणि आता गावात दोन बायका शकुनाचं बोलतायत. जोपर्यंत बैल "असाच" गेला तोपर्यंत ती कुजबुज पोरीला चिकटणार, उद्या लग्नानंतर घरात काही खुट्ट झालं की हीच गोष्ट उकरून काढतील. बैल भात जास्त खाल्ल्यामुळे गेला हे एकदा उघड झालं की त्यात शकुन-अपशकुनाला जागाच उरत नाही, पोरीचा पाय मोकळा. तुम्ही तिला वाचवायला गप्प बसलात पण आता तिला वाचवायला बोलावं लागेल असं आहे हे.

कसं सांगायचं. जेवणाच्या ताटावर नको, सासूबाईंसमोर नको, मुलाला मध्ये घालून तर अजिबात नको. संध्याकाळी ते वैरण टाकायला जातात तेव्हा मागून जा, हातात पेंढी घ्या, कामात असताना पुरुषमाणसाला ऐकणं सोपं जातं, समोर बसवून "मला काहीतरी सांगायचंय" म्हटलं की त्यांना वाटतं कोणाला कॅन्सर झाला. एवढंच म्हणा, "त्या रात्री बहाळ्याला भात न् पुऱ्या मी घातल्या होत्या, घमेलंभर. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घाबरून बोलले नाही." आणि थांबा. पुढे "पण पाहुणे होते ना", "पण तुम्हीच तर म्हणालात" असं काही जोडू नका, रडू आलं तर येऊ दे. ते चिडतील कदाचित. चिडू द्या, त्यांचा बैल होता, अकरा वर्षं त्याच्या मागे चालले ते, चिडायचा हक्क आहे. नुसतेच उठून बांधावर निघून गेले तरी मागे धावू नका. लगेच "मला माफ केलं ना" असंही विचारू नका, तो प्रश्न विचारला की समोरच्यावर हो म्हणायची जबरदस्ती होते. हात उचलणारा माणूस असता तर मी वेगळं लिहिलं असतं, पण तुमच्या पत्रात तसं कुठं जाणवलं नाही.

आता काळ्या. दोन महिने धड खात नाही याला तुम्ही दुःख म्हणताय, आणि थोडं असेलही, गुरं कळपात राहणारी, वर्षानुवर्षं एका जोखडाला मान दिलेली जोडी फुटली की मागे राहिलेलं जनावर हंबरतं, शोधतं, चारा कमी करतं. पण दोन महिने म्हणजे मला शंका येते. भातखाचरांचा भाग, पावसाळा, साचलेलं पाणी, गोगलगायी, म्हणजे यकृतातल्या चपट्या कृमींना एकदम घरचं वातावरण. खाणं कमी, अंग खंगतंय, केस राठ, जबड्याखाली पाणी उतरून पिशवीसारखं लोंबतंय, असलं काही दिसतंय का बघा. दात, जीभ, तोंडाच्या आत जखम आहे का तेही. बैलाच्या दुःखात आपलं दुःख बघत बसलो आणि त्याला जंत झालेले, असं नको व्हायला. १९६२ वर फोन करा, पशुसंवर्धनची फिरती गाडी त्या नंबरवर मिळते, नाहीतर जवळच्या सरकारी पशुदवाखान्यात दाखवा, शेण तपासून घ्या, आणि या वेळी काय खाल्लं विचारलं तर तुम्ही स्वतः उत्तर द्या.

आणि त्याला एकटा बांधू नका. गाय असेल तर तिच्या शेजारी, नसेल तर दिराकडच्या गुरांत दिवसा सोडा, अगदी शेळी जरी दिसेल अशी बांधली तरी फरक पडतो. बहाळ्याची दावण रिकामी ठेवायची का नाही हा तुमचा प्रश्न आहे, काळ्याला तिथं कोणीतरी श्वास घेणारं हवंय.

विकायचा की नाही यावर माझं मत असं की पोळा होईपर्यंत आणि मालकांशी बोलणं होईपर्यंत हा निर्णय टाळा, घाईनं विकलेल्या जनावराची हळहळ फार वर्षं राहते. एकटा बैल बिनकामाचा असंही नाही, तुमच्याकडे सावड चालतेच, ज्याचा एक बैल गेलाय किंवा एकच घेणं परवडलंय असा एखादा शेतकरी आसपासच्या वाड्यांत असणार, डांगीला डांगी जोडायचा, एक दिवस त्याचं शेत एक दिवस तुमचं. नवा जोडीदार लगेच जमणार नाही, मानेला मान लागायला वेळ जातो, पहिले काही दिवस नुसतं हलक्या कामाला फिरवा. आणि खरंच विकायचाच ठरला, कारण पैशाचं गणित मला इथं नाशिकमध्ये बसून कळणार नाही, लेकीचं लग्न समोर आहे, ते मला माहितेय, तर बाजारात अनोळखी दलालाच्या हातात दोरी देण्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याला द्या. बैलाची कत्तल राज्यात २०१५ पासून कायद्यानं बंद आहे, पण बाजारातून गाडीत चढलेलं जनावर पुढे कुठं उतरतं हे आपण बघायला जात नाही. थोडे पैसे कमी येतील पण आवणीला कुठल्यातरी ओळखीच्या खाचरात दिसेल तरी. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर असतो, विक्री झाली की पशुदवाखान्यात मालकाचं नाव बदलून घ्या, नंतर लफडी नकोत. काळ्याला विकलं म्हणजे बहाळ्याशी बेइमानी असं काही नसतं, एवढं मात्र नक्की सांगते.

पोळ्याचं. तुम्ही लिहिलंय "यंदा सण करूच नये असं वाटतं". करा. काळ्या आहे अजून, त्यानं काय घोडं मारलंय, त्याचा सण बुडवायचा का आपण. आदल्या दिवशी खांदेमळणी करा, हळद-तूप लावून खांदा चोळा, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणा, म्हणताना घसा दाटून येईल कारण दरवर्षी दोघांना म्हणायचात, तर येऊ द्या, काळ्याला काही घाई नसते. ज्यांच्याकडे बैल नाहीत ते मातीच्या बैलांची पूजा करतातच, तुम्ही एक मातीचा बैल बहाळ्याचा म्हणून पूजेत मांडा, काळे ठिपके नातवंडांकडून नाहीतर शेजारच्या पोरांकडून रंगवून घ्या, पोरं फार मन लावून करतात असलं काम. बहाळ्याची झूल असेल तर ती काळ्याला घालायची का हे मात्र मालकांना ठरवू दे. मिरवणुकीत एकट्यालाच नेताना लोक बघतील, विचारतील, "जोडीदार कुठाय?" सांगा, गेला. कशानं गेला विचारलं तर तेही सांगा.

आणि इथं माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. पोळ्याच्या दिवशीच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. घरोघरी बैल जाणार, प्रत्येक घरची बाई ओवाळून पुरणपोळी चारणार, वर भात, गूळ, धान्याचा घास, आणि कोणालाच वाटत नाही की आपण जास्त दिलं, प्रत्येकीनं एकेकच दिलेली असते. तुमच्या गावातल्या बचत गटात, नाहीतर हरिपाठाला बायका जमतात तिथं, तुम्ही उठून सांगा की बैलाला नैवेद्याचा घास तेवढाच द्यावा, बाकी हिरवा-वाळला चारा पोटभर, उरलेला भात, पोळ्या, लग्नातलं गोडधोड ढिगानं घालू नये, गोणी न् कणगी जनावराचं तोंड पोचेल अशी ठेवू नये. चुकून खाल्लंच तर वाट बघत बसायचं नाही, त्याच रात्री फोन लावायचा, किती खाल्लं न् कधी खाल्लं ते खरं सांगायचं, धान्य-पेंड बंद करून समोर फक्त वाळलेला पेंढा ठेवायचा, आणि मान वर धरून बाटलीनं तेल नाहीतर काढा घशात ओतायचा नाही, ते श्वासनळीत जाऊन वेगळाच प्रसंग ओढवतो. मी हे इथं लिहिलं तर शहरातले लोक वाचतील आणि पुढं जातील, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील, कारण तुमचा बैल गेलाय. जमेल तेव्हाच करा, यंदा नाही जमलं तर दिवाळीच्या आधी वसुबारस आहे, गाईवासराच्या पुढ्यातही असंच ताट येतं.

राहिली झोप. मालकांशी बोलणं झाल्यावर ती बरीच सुधारेल असं मला वाटतं, पण पुढच्या पंधरा-वीस दिवसांतही रात्री दोनची जाग चालूच राहिली, जेवण जाईना, कामात लक्ष लागेना, किंवा आपण नसतो तर बरं असा विचार एकदा जरी आला, तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. "बैल गेल्यापासून झोप येत नाही" असंच सांगायचं, लाजायचं नाही. मालकांनाही तो नंबर देऊन ठेवा, दोन महिने एक शब्द न बोललेला माणूस आहे तो, मला खरं तर तुमच्यापेक्षा त्यांची काळजी जास्त वाटतेय.

काळ्याला डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा.